शोधमार्ग आणि विज्ञानाची आकडेमोड

मेंदूच्या एमआरआय प्रतिमांवरून त्याच्या निरनिराळ्या भागांचे आकारमान आणि बाह्य थराची जाडी मोजण्यासाठी ‘फ्रीसर्फर’ हे सॉफ्टवेअर जगभरातील प्रयोगशाळांत वापरले जाते. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी २०१२ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात दाखवून दिले, की त्याच प्रतिमा या सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांना दिल्या असता आकारमानाच्या मोजमापात सरासरी ८.८ टक्के आणि जाडीच्या मोजमापात सरासरी २.८ टक्के फरक पडतो, आणि संगणकाचा प्रकार किंवा ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती बदलली तरीही कमी प्रमाणात का होईना, फरक पडतोच. मेंदूच्या ऱ्हासाच्या अभ्यासांत जे बदल रोगाचे म्हणून नोंदवले जातात, त्यांच्याच तोडीचे हे फरक होते. एकाच संगणकावर अशा सॉफ्टवेअरच्या दोन-तीन आवृत्त्या नांदत असतील, तर संशोधकाने नुसते नाव टंकल्यावर त्यातली नेमकी कोणती चालते, हा प्रश्न म्हणूनच संगणक सांभाळणाऱ्यांपुरता उरत नाही. तो थेट प्रयोगपद्धतीचा प्रश्न ठरतो. लिनक्स आणि युनिक्स कुळातील संगणकांवर त्याचे उत्तर ‘पाथ’ नावाच्या एका ओळीत असते.

टर्मिनलमध्ये लिहिलेली आज्ञा वाचून ती पार पाडणाऱ्या प्रोग्रॅमला शेल म्हणतात. आज्ञेत फाइलचा पूर्ण पत्ता न देता फक्त नाव दिलेले असेल, तर शेल आधी ते नाव आपल्या अंगभूत आज्ञांत आणि वापरकर्त्याने ठरवून दिलेल्या टोपणनावांत आहे का ते पाहतो, आणि तेथे नसल्यास ‘पाथ’ या व्हेरिएबलमध्ये साठवलेल्या डिरेक्टऱ्यांच्या यादीकडे वळतो. यादीतली नावे अपूर्णविरामाने वेगळी केलेली असतात. शेल ती डावीकडून उजवीकडे तपासत जातो आणि त्या नावाची, चालवण्याची परवानगी असलेली पहिली फाइल सापडताच तीच चालवतो. पुढच्या डिरेक्टरीत त्याच नावाची अधिक नवी किंवा अधिक योग्य फाइल आहे की नाही, हे पाहण्याचे त्याला कारणच नसते. बेल लॅब्समध्ये स्टीफन बोर्न यांनी लिहिलेला शेल १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडला, आणि शोधाची ही पद्धत तेव्हापासून मुळात तशीच आहे. नवी डिरेक्टरी यादीच्या आरंभी जोडणे आणि शेवटी जोडणे यांतला फरक त्यामुळे फार मोठा आहे: आरंभी जोडलेली डिरेक्टरी आपल्यामागच्या सर्व सारख्या नावांना झाकून टाकते, तर शेवटी जोडलेली डिरेक्टरी इतरत्र काहीच सापडले नाही तरच उपयोगी पडते. यादीत दोन अपूर्णविराम लागोपाठ आले किंवा शेवटी एखादा उरला, तर त्या रिकाम्या जागेचा अर्थ ‘सध्या जिथे काम चालू आहे ती डिरेक्टरी’ असा घेतला जातो. टंकलेखनातील एवढ्याशा चुकीने दुसऱ्या कोणी तेथे ठेवलेला अनोळखी प्रोग्रॅम चालू शकतो, म्हणून सामायिक संगणकावर ही बाब सुरक्षिततेच्या दृष्टीनेही गंभीर आहे.

‘पाथ’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे, म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसरा सुरू केला की त्याच्याकडे प्रतीच्या रूपाने जाणारे मूल्य आहे. ही प्रत फक्त खाली जाते. सुरू झालेल्या प्रोग्रॅमने तीत कितीही बदल केले, तरी ते त्याला सुरू करणाऱ्या शेलपर्यंत परत पोहोचत नाहीत. अनेक नवख्या संशोधकांना बुचकळ्यात टाकणारी अडचण येथूनच निघते. रेणूंच्या हालचालींचे गणित करणाऱ्या ‘ग्रोमॅक्स’ या सॉफ्टवेअरबरोबर ‘जीएमएक्सआरसी’ नावाची एक लहान फाइल येते, जी त्याची डिरेक्टरी ‘पाथ’च्या आरंभी जोडते. ही फाइल साध्या प्रोग्रॅमसारखी चालवली, तर सारे बदल एका तात्पुरत्या शेलमध्ये घडतात आणि त्याच्याबरोबरच संपतात, म्हणून ‘ग्रोमॅक्स’ची आज्ञा पूर्वीइतकीच अनोळखी राहते; ‘सोर्स’ ही आज्ञा वापरली, की त्याच ओळी चालू शेल स्वतः वाचतो आणि बदल टिकतात. रोजचा त्रास वाचावा म्हणून अशा ओळी ‘बॅशआरसी’ या, शेल सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये लिहून ठेवण्याची सवय सर्वत्र दिसते. एका सॉफ्टवेअरपुरती ती चालून जाते. परंतु चार वर्षांच्या संशोधनात त्या फाइलमध्ये जुन्या आवृत्त्या, बंद पडलेले प्रकल्प आणि सहकाऱ्यांकडून उतरवून घेतलेल्या ओळी यांचे थर साचतात, आणि कोणती ओळ कशासाठी आहे हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. प्रत्येक प्रकल्पाची मांडणी त्या प्रकल्पाच्याच डिरेक्टरीतील वेगळ्या फाइलमध्ये ठेवून ती गरजेपुरती ‘सोर्स’ करणे, हा मार्ग थोडा कष्टाचा असला तरी निश्चितच चांगला आहे.

योग्य प्रोग्रॅम सापडला म्हणजे सारे जुळले असेही नसते. बहुतेक वैज्ञानिक सॉफ्टवेअर आपल्या कामाचा मोठा भाग लायब्रऱ्यांवर, म्हणजे अनेक प्रोग्रॅमना सामायिक असलेल्या तयार कार्यसंचांवर सोपवते, आणि लिनक्समध्ये त्या लायब्रऱ्या प्रोग्रॅम सुरू होताना जोडल्या जातात. त्यांचा शोध ‘एलडी लायब्ररी पाथ’ या दुसऱ्या व्हेरिएबलने वळवता येतो. ‘पाथ’मधल्या चुकीने नको असलेला प्रोग्रॅम चालतो, येथल्या चुकीने हवा तोच प्रोग्रॅम, त्याच नावाने आणि त्याच आवृत्तीने चालतो, पण आतली आकडेमोड वेगळ्याच लायब्ररीकडून करून घेतो. शिवाय एका सॉफ्टवेअरसाठी भरलेले हे व्हेरिएबल त्या शेलमधून सुरू होणाऱ्या सर्वच प्रोग्रॅमना लागू होते. म्हणून लायब्रऱ्यांचा पत्ता, ‘आरपाथ’ या सोयीने, प्रोग्रॅम बांधतानाच त्याच्या फाइलमध्ये कोरून ठेवणे अधिक भरवशाचे असते. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत सुरू झालेले ‘स्पॅक’ हे वैज्ञानिक सॉफ्टवेअर बांधण्याचे साधन हीच पद्धत अवलंबते.

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रसाराबरोबर पॅकेजे आणि त्यांची वेगवेगळी वातावरणे सांभाळणारे ‘कोंडा’ हे साधन घरोघरी पोहोचले, आणि त्याची कार्यपद्धती मुळात शोधमार्गाचीच आहे: एखादे कोंडा-वातावरण सुरू करणे म्हणजे प्रामुख्याने त्याची डिरेक्टरी ‘पाथ’च्या आरंभी आणणे. हवामान आणि महासागर यांच्या प्रतिमानांना माहिती साठवण्यासाठी ‘नेटसीडीएफ’ ही लायब्ररी लागते, आणि ती कोठे आहे हे अनेक प्रतिमाने बांधणीच्या वेळी ‘एनएफ-कॉन्फिग’ या छोट्या मदतनीस प्रोग्रॅमला विचारतात. टर्मिनल उघडताच कोंडाचे मूळ वातावरण आपोआप सुरू होत असेल आणि त्यात हा मदतनीस असेल, तर उत्तर कोंडातल्या प्रतीचे मिळते, प्रोग्रॅम बांधणारा कंपायलर मात्र संगणकाचा मूळचा राहतो. एका फोरट्रान कंपायलरने तयार केलेल्या मॉड्यूल-फाइली दुसऱ्याला सहसा वाचता येत नाहीत, म्हणून बांधणी तेथेच अडते, आणि अडली तर ते भाग्यच म्हणायचे. खरे नुकसान होते ते विसंगत भाग कुरकुर न करता जोडले गेले, तर.

शेकडो संशोधक एकच यंत्र वापरतात तेथे प्रत्येकाने स्वतःच्या हाताने याद्या लिहिणे अशक्य असते. जॉन फर्लानी यांनी १९९१ मध्ये मांडलेली ‘मॉड्यूल्स’ ही कल्पना या अडचणीवर आजवरचे सर्वांत टिकाऊ उत्तर ठरली आहे. प्रत्येक सॉफ्टवेअरच्या प्रत्येक आवृत्तीसाठी व्यवस्थापक एक मॉड्यूल-फाइल लिहून ठेवतात. ‘मॉड्यूल लोड’ म्हटले की तीत सांगितलेल्या डिरेक्टऱ्या जोडल्या जातात आणि ‘मॉड्यूल अनलोड’ म्हटले की तेवढ्याच काढल्या जातात. सुरू झालेला प्रोग्रॅम मूळ शेलचे व्हेरिएबल बदलू शकत नाही हा नियम येथे सुंदर युक्तीने सांभाळला आहे: ‘मॉड्यूल’ ही आज्ञा प्रत्यक्षात शेलमधील एक फंक्शन असते, ते मागच्या प्रोग्रॅमकडून आवश्यक बदलांच्या ओळी लिहून घेते आणि चालू शेलकडूनच त्या अमलात आणवते. टेक्सास विद्यापीठातील रॉबर्ट मॅकले यांनी पुढे ‘एलमॉड’ रचले, ज्यात एका कंपायलरऐवजी दुसरा निवडला की त्याच्यावर अवलंबून असलेल्या लायब्रऱ्यांची मॉड्यूल्सही बदलली जातात, किंवा जुळणारी नसतील तर निष्क्रिय होतात. पुण्यात सी-डॅकने बांधलेला ‘परम ८०००’ हा भारतीय महासंगणकही १९९१ चाच. आज आयसर पुणे येथील ‘परम ब्रह्म’सारख्या यंत्रावर रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि पदार्थविज्ञान यांचे संशोधक आपापली गणिते एकाच यंत्रणेवर सोडतात, तेव्हा परस्परविरोधी आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवण्याची ही शिस्त किती मोलाची आहे हे सहज कळते.

तरीही एक फट राहते. महासंगणकावर काम थेट चालवले जात नाही. ते एका फाइलमध्ये लिहून रांगेत लावले जाते, आणि रांग सांभाळणारी ‘स्लर्म’ ही प्रणाली, वेगळे सांगितले नसेल तर, काम लावणाऱ्याच्या टर्मिनलमधील सर्व एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स त्या कामाबरोबर पाठवते. तीच फाइल सोमवारी कोऱ्या टर्मिनलमधून आणि मंगळवारी कोंडा सुरू असलेल्या टर्मिनलमधून लावली, तर दोन वेगळी गणिते होऊ शकतात, आणि फाइलमध्ये त्याचा मागमूस नसतो. ‘मॉड्यूल पर्ज’ने लोड केलेली मॉड्यूल्स निघून जातात, पण हाताने जोडलेल्या डिरेक्टऱ्या जागच्या जागी राहतात, कारण मॉड्यूलला केवळ आपण जोडलेले ठाऊक असते. म्हणून व्हेरिएबल्स पाठवू नयेत असे ‘स्लर्म’ला सांगणे, हवी ती मॉड्यूल्स आवृत्तीच्या आकड्यासह कामाच्या फाइलमध्येच लोड करणे, आणि निकालाच्या वहीत ‘मॉड्यूल लिस्ट’ तसेच, दिलेल्या नावाने नेमके काय चालेल ते सांगणारी ‘टाइप’, या आज्ञांचे उत्तर उतरवणे ही तिन्ही कामे करावीत. याच कामाच्या ‘विच’ या आज्ञेपेक्षा ‘टाइप’ बरी, कारण ती शेलची स्वतःची आज्ञा असल्याने टोपणनावे, फंक्शने आणि शेलने आधीच्या शोधातून लक्षात ठेवलेले पत्ते हेही तिला माहीत असतात. आणि ‘एलडीडी’ या आज्ञेने कोणत्या लायब्रऱ्या कोठून जोडल्या जाणार ते दिसते. शोधनिबंधांच्या पद्धती-विभागात सॉफ्टवेअरचे नाव आणि आवृत्ती छापली जाते, पण ही माहिती जवळपास कधीच छापली जात नाही. पुरवणीत या चार ओळी मागणे संपादकांना मुळीच जड जाऊ नये.

सारे सॉफ्टवेअर त्याच्या लायब्रऱ्यांसह एका बंद फाइलमध्ये बांधणारे कंटेनर हा सध्याचा लोकप्रिय उपाय आहे. महासंगणकांवर त्यासाठी वापरले जाणारे ‘अॅप्टेनर’, जे पूर्वी ‘सिंग्युलॅरिटी’ नावाने ओळखले जाई, आपला ‘पाथ’ स्वतः ठरवते, पण बाहेरची बहुतेक व्हेरिएबल्स आत येऊ देते आणि वापरकर्त्याची होम डिरेक्टरीही सहसा आत जोडते. वापरकर्त्याने कधी काळी आपल्यापुरते बसवलेले पायथॉन-पॅकेज त्या डिरेक्टरीत पडून असेल आणि पायथॉनची आवृत्ती जुळत असेल, तर आतला पायथॉन कंटेनरमधील पॅकेज सोडून आधी तेच उचलतो. ‘क्लीनएन्व्ह’ या पर्यायाने व्हेरिएबल्स थांबतात. होम डिरेक्टरीसाठी ‘नो-होम’ हा पर्याय वेगळा द्यावा लागतो.