यकृतात औषधाचे काय होते, हे यंत्राने मोजताना

तोंडावाटे घेतलेले औषध शरीरभर पोहोचण्यापूर्वी आतड्याच्या भिंतीतून आणि यकृतातून जाते, आणि या दोन्ही ठिकाणी शरीरातील विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, त्याच्या रेणूत बदल करून तो पाण्यात अधिक विरघळणारा आणि म्हणून लघवीवाटे किंवा पित्तावाटे बाहेर टाकण्याजोगा बनवतात. या रूपांतराला औषधाचा चयापचय म्हणतात. हे काम करणाऱ्या विकरांत सायटोक्रोम पी-४५० हे कुल सर्वांत महत्त्वाचे असून त्यातील ३ए४ हे एकटे विकर आज वापरात असलेल्या औषधांपैकी फार मोठ्या हिश्शाचा निचरा करते. नवा रेणू प्रयोगशाळेत कितीही गुणकारी ठरला, तरी यकृताने तो पाऊण तासात संपवला तर रोग्याला त्याचा उपयोग नाही; आणि यकृताला तो हलवताच आला नाही, तर तो शरीरात साठत जाण्याचा धोका असतो.

हे मोजमाप उशिरा केल्याची किंमत मोठी असते. टर्फेनाडिन या ॲलर्जीवरील औषधाला अमेरिकेत १९८५ मध्ये मान्यता मिळाली. सामान्यतः ३ए४ हे विकर या औषधाचे जवळजवळ पूर्ण रूपांतर फेक्सोफेनाडिन या द्रव्यात करत असे आणि ॲलर्जीवरील गुण प्रत्यक्षात त्या द्रव्याचा असे. परंतु रोगी त्याच वेळी किटोकोनाझोल किंवा एरिथ्रोमायसिन घेत असेल तर हे विकर अडवले जाई, मूळ टर्फेनाडिन रक्तात साचे आणि हृदयाच्या स्नायूतील पोटॅशियमचे मार्ग बंद करून हृदयाची लय जीवघेणी बिघडवू शके. १९९८ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून गेले आणि त्याची जागा फेक्सोफेनाडिनने घेतली. कोणते विकर कोणत्या रेणूला हाताळते आणि कोणता रेणू त्या विकराला अडवतो, हे प्रश्न औषध बाजारात येण्याच्या कितीतरी आधी विचारले जावेत, हा आग्रह अशा घटनांतून बळावला. इस्माईल कोला आणि जॉन लँडिस यांनी २००४ मध्ये मांडलेल्या आढाव्यानुसार, १९९१ मध्ये मानवी चाचण्यांत बाद होणाऱ्या औषधांपैकी सुमारे ४० टक्के औषधे शरीरातील शोषण व निचऱ्याच्या दोषांमुळे बाद होत. २००० पर्यंत हे प्रमाण १० टक्क्यांच्या खाली आले होते.

मूळ प्रयोग समजायला सोपा आहे. यकृताच्या पेशी फोडून, अपकेंद्री यंत्रात अतिवेगाने फिरवून त्यांच्यातील पटलांचे सूक्ष्म तुकडे वेगळे काढतात. पी-४५० विकरे याच तुकड्यांत रुतलेली असतात आणि या तुकड्यांना मायक्रोसोम म्हणतात. ३७ अंश सेल्सिअसला, म्हणजे शरीराच्या तापमानाला, मायक्रोसोमच्या द्रावणात औषधाची अगदी अल्प मात्रा मिसळतात आणि विकरांना लागणारे एनएडीपीएच हे सहकारी द्रव्य घालून क्रिया सुरू करतात. ठरलेल्या क्षणी, समजा शून्य, ५, १५, ३० आणि ४५ मिनिटांनी, थोडे मिश्रण काढून थंड ॲसिटोनायट्राइलमध्ये सोडतात, म्हणजे प्रथिने साकळतात आणि क्रिया तिथेच थांबते. प्रत्येक वेळी किती औषध उरले यावरून अर्धायुकाल, म्हणजे औषध निम्मे होण्यास लागणारा वेळ, काढता येतो. एनएडीपीएच न घातलेली जोडीची नळीही ठेवावी लागते, कारण तिथेही औषध घटले, तर ते पी-४५० विकरांचे काम नसून रेणू आपोआप तुटला किंवा प्लास्टिकला चिकटून बसला, असे समजते.

उरलेले औषध मोजण्याचे काम मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंना त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणारे यंत्र, करते. द्रावण बारीक सुईतून उच्च विद्युतदाबाखाली फवारले की रेणू विद्युतभारित होऊन वायुरूपात येतात. ही रीत जैविक रेणूंसाठी उपयोगात आणणारे जॉन फेन २००२ च्या रसायनशास्त्रातील नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी होते. मिडॅझोलॅम या गुंगीच्या औषधाचे उदाहरण घेतल्यास, त्याचा भारित रेणू ३२६ या वस्तुमानावर दिसतो. यंत्र तेवढाच निवडते, वायूच्या रेणूंवर आदळवून फोडते आणि २९१ वस्तुमानाचा तुकडा मोजते. यकृताने त्याला ऑक्सिजनचा एक अणू जोडला, की तोच रेणू १६ ने वाढून ३४२ वर सापडतो, आणि यकृताने काय केले हे त्या आकड्यावरूनच वाचता येते.

स्वयंचलनाची गरज संख्येमुळे येते. एका रेणूसाठी पाच वेळा, प्रत्येक वेळी दोन प्रती, एनएडीपीएचसह आणि त्याविना, असे २० नमुने होतात. आठवड्याला १०० नवे रेणू आले तर २,००० नमुने, आणि प्रत्येकाला दोन मिनिटे धरली तर यंत्र सदुसष्ट तास अखंड चालावे लागते. हाताने ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये द्रव सोडताना पहिल्या आणि शेवटच्या खळग्यांत एक-दोन मिनिटांचा फरक पडतो, आणि झपाट्याने संपणाऱ्या औषधाच्या बाबतीत तेवढ्याने उत्तर बदलते. ९६ टोकांचे यांत्रिक पिपेट हा फरक मिटवते, आणि त्याचे खरे मोल वेगापेक्षा या अचूकतेत अधिक आहे. मात्र पिपेट यांत्रिक झाल्यावर अडथळा पुढे सरकतो. कोणता तुकडा मोजायचा आणि किती ऊर्जेने रेणू फोडायचा, हे प्रत्येक नव्या रेणूसाठी वेगळे ठरवावे लागते; म्हणून संगणक-प्रणालीच रेणूचा सूत्रभार घेते, निरनिराळ्या ऊर्जा लावून पाहते आणि सर्वांत ठळक तुकडा नोंदवून ठेवते. त्यानंतर अडथळा यंत्राआधी नमुन्यातील रेणू एकमेकांपासून वेगळे करणाऱ्या नळीपाशी येतो, आणि तेथे द्रव-क्रोमॅटोग्राफीची लांब नळी गाळून त्याऐवजी छोट्या शोषक गाळणीतून सुमारे दहा सेकंदांत एक नमुना यंत्रात सोडण्याची सोय उपलब्ध झाली आहे. सदुसष्ट तासांचे काम या वेगाने साडेपाच तासांत आटोपते.

या वेगाची एक किंमत आहे आणि ती लपवून ठेवण्यासारखी नाही. यकृत अनेक औषधांना ग्लुकुरोनिक आम्ल जोडते. हा जोड फवाऱ्याच्या जागी उष्णतेने आणि विजेने तुटला, तर मूळ औषध पुन्हा प्रकट झाल्यासारखे दिसते आणि संपलेले औषध शिल्लक असल्याची नोंद होते. क्रोमॅटोग्राफीच्या नळीत हे दोन्ही रेणू वेगवेगळ्या क्षणी बाहेर येत असल्याने चूक पकडता येते. नळी काढली की ही संधी जाते. अनेक रेणूंचे नमुने प्रयोगानंतर एकत्र करून वेळ वाचवण्याची पद्धतही रास्त आहे, परंतु एका रेणूला ऑक्सिजन जोडून झालेले द्रव्य दुसऱ्याच्या वस्तुमानाशी जुळले, तर आकडे खोटे ठरतात. म्हणून शहाणी प्रयोगशाळा सर्व आलेख माणसाकडून तपासत नाही, पण दोन प्रतींत तफावत, खाली न जाणारी रेषा, शून्य मिनिटालाच घटलेले औषध अशी लक्षणे प्रणालीला शिकवून ठेवते आणि तेवढे आलेख अनुभवी शास्त्रज्ञापुढे येतात.

प्लेटमधल्या यकृताच्या मर्यादा मात्र कोणतेही यंत्र दूर करत नाही. हृदयविकारासाठी विकसित होत असलेले कार्बाझेरान हे औषध कुत्र्यांत चांगले टिकले आणि माणसात तोंडावाटे दिल्यावर जवळजवळ सगळे नाहीसे झाले, कारण माणसाच्या यकृतात अल्डिहाइड ऑक्सिडेझ हे विकर भरपूर असते आणि कुत्र्याच्या यकृतात त्याची क्रिया आढळत नाही. हे विकर पेशीद्रवात असते, पटलांत नाही. त्यामुळे नुसत्या मायक्रोसोमवरच्या प्रयोगात ते हजरच नसते. म्हणून आता अखंड यकृतपेशींवरचे प्रयोगही त्याच यांत्रिक साखळीत घेतले जातात, आणि दिवसातून एकदाच घ्यायच्या औषधांसाठी, जी तासाभरात जेमतेम घटतात, यकृतपेशी इतर पेशींच्या सोबतीने कित्येक दिवस जिवंत ठेवून, निर्जंतुक वातावरणात थोडेथोडे द्रव काढत राहण्याचे काम यंत्रमानवाकडे दिले जाते.