निम्म्याहून कमी मतदान झालं की निवडणूक रद्द?

मुक्ताईनगरात निवडणूक आली की चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास कानावर पडतं: “पन्नास टक्के मतदान झालं नाही, तर निवडणूकच रद्द होते.” रस्त्यासाठी, पाण्यासाठी बहिष्काराची भाषा करणारेही याच भरवशावर घरी बसायला निघतात. कुठल्या कलमानुसार, हे मात्र कुणी सांगत नाही. सांगणार कुठून? तसं कलमच नाही!

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात किमान मतदानाची अट नाही. एप्रिल २०१७ मध्ये श्रीनगरच्या लोकसभा पोटनिवडणुकीत जेमतेम ७ टक्के मतदान झालं, तरी फारुख अब्दुल्ला रीतसर खासदार झाले. तिथे ३८ केंद्रांवर फेरमतदान झालं, पण ते हिंसाचारामुळे. त्या फेरमतदानाला २ टक्केच लोक आले आणि तीही मतं मोजली गेली. १९९२ मध्ये पंजाबात सुमारे २४ टक्के मतदानावर बेअंतसिंग यांचं सरकार आलं. बहिष्काराच्या गावात यंत्र शून्य दाखवतं, बाकी केंद्रांची बेरीज होते आणि आमदार ठरतो. तुमच्याशिवाय.

आपल्याकडे तर हे फार महागात पडेल. २०१९ ला मुक्ताईनगर विधानसभेत चंद्रकांत पाटील यांनी रोहिणी खडसे यांना हरवलं ते अवघ्या १,९५७ मतांनी. दोन केंद्रांच्या याद्यांत एवढी नावं असू शकतात.

गोंधळाचं मूळ बहुधा दारूबंदीच्या मतदानात असावं. ‘उभी बाटली, आडवी बाटली’च्या मतदानात गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवीवर, म्हणजे दुकान बंद करण्यावर, शिक्का मारावा लागतो. तिथे न आलेली बाई दुकान सुरू ठेवायलाच हातभार लावते. सार्वमतात अशा अटी जगभर आढळतात. तैवान बेटावर ऑगस्ट २०२५ मध्ये अणुवीज प्रकल्प पुन्हा सुरू करण्यावर कौल घेतला. सुमारे ४३ लाख लोक ‘हो’ म्हणाले, १५ लाख ‘नाही’. तरी प्रस्ताव पडला, कारण एकूण मतदारांच्या चौथ्या हिश्श्याइतके, म्हणजे सुमारे ५० लाख होकार हवे होते. पण हे झालं एका प्रश्नावरच्या कौलाचं. उमेदवार निवडताना आपल्याकडे ज्याला जास्त मतं, तो जिंकला.

असेच आणखी काही समज. ‘नोटा’ (वरीलपैकी कुणीही नाही) पहिला आला तर फेरनिवडणूक? लोकसभा-विधानसभेत नाही, २०२४ ला इंदूरमध्ये नोटाला २,१८,६७४ मतं पडली, निकालावर काडीचा फरक पडला नाही. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी मात्र राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये तशी तरतूद केली.

ओळखपत्र आहे म्हणजे मत देता येतं? यादीत नाव नसेल तर नाही. नाव आधी तपासा.

आपल्या नावावर दुसऱ्याच कुणी मत टाकलं असेल, तर तसंच परत फिरू नका. केंद्राध्यक्षांना भेटा, ओळख पटवा. कागदी मतपत्रिकेवर प्रदत्त मत देता येतं. ते एरवी मोजणीत धरत नाहीत, पण निकाल कोर्टात गेला तर तोच तुमचा पुरावा.