टक्केवारीत न मावणारा तालुका

पौडला, तालुक्याच्या गावी बसून मुळशी तालुक्यातल्या शाळांचा गुणवत्ता आराखडा करायचा म्हटलं तर कागद कमी पडत नाहीत. यू-डायसची माहिती दरवर्षी भरली जाते, ‘सरल’मध्ये 2015 पासून मुलागणिक नोंद आहे, नियतकालिक मूल्यांकन चाचणीचे गुण विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर चढवले जातात. अडचण त्यानंतर सुरू होते. या सगळ्याची तालुकाभर सरासरी काढली की येणारा आकडा तालुक्यातल्या कुठल्याच शाळेचा नसतो. हिंजवडी-माण-मारुंजीच्या बाजूला बांधकाम मजुरांची, वॉचमनची, हातगाडीवाल्यांची मुलं येतात. घरची भाषा कधी हिंदी, कधी कन्नड, आणि बापाची साइट बदलली की शाळाही बदलते. मुळशी धरणाच्या मागं ताम्हिणीकडं सरकावं तसा पट उतरत जातो. दोन शिक्षक, चार-पाच इयत्ता, एखाद्या इयत्तेत चारच मुलं. हे दोन तालुके एका नावाखाली नांदतात. पहिल्या ठिकाणी मराठी ऐकण्या-बोलण्यापासून सुरुवात हवी, दुसऱ्या ठिकाणी बहुवर्ग अध्यापनाचं वेळापत्रक. ‘भाषेत तालुका मागे’ या निष्कर्षातून यांपैकी एकही उपाय निघत नाही. निघतं ते सर्वांसाठी एकच प्रशिक्षण.

छोट्या पटाला टक्केवारी लावणं तर जवळजवळ थट्टाच आहे. तिसरीतल्या चौघांपैकी एकच मूल गोष्ट वाचतं तेव्हा शाळेचा निकाल 25 टक्के असतो. त्या मुलाचं घर दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलं की तोच निकाल शून्य. शाळेनं मधल्या काळात काही कमावलं नाही, गमावलंही नाही. बाहेरच्या पाहण्यांचाही इथं आधार घेता येत नाही, कारण त्या या कामासाठी केलेल्याच नसतात. ‘असर’ जिल्ह्यातली 30 गावं निवडतं आणि प्रत्येकी 20 घरं तपासतं. त्यात मुळशीच्या वाट्याला एखाद-दुसरं गाव आलं तर आलं. 4 डिसेंबर 2024 चं परख राष्ट्रीय सर्वेक्षणही नमुना घेऊनच झालं आणि त्याचा निकाल जिल्ह्याच्या पातळीवर वाचायचा असतो. त्यात तालुक्याची हद्दच हलते आहे. 2021 मध्ये सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक ही गावं पुणे महापालिकेत गेली. अशा गावांतल्या मोठ्या पटाच्या शाळा यादीतून वजा झाल्या की एकाही मुलाचं वाचन न बदलता तालुक्याची सरासरी बदलते, आणि आलेख पाहणारा त्या चढउतारामागची कारणं शोधत बसतो.

म्हणून माहिती वाचायची जागा केंद्र, म्हणजे आसपासच्या शाळांचा गट, ही आहे. केंद्रप्रमुख आणि आसपासच्या शाळांचे शिक्षक महिन्याला शिक्षण परिषदेत भेटतात. चर्चा करायला ही माणसं पुरेशी कमी आहेत आणि पोरं नावानं ओळखतात. तिथं टक्केवारी बाजूला ठेवून यादी मांडावी: अक्षरावर कोण अडकलंय, शब्दावर कोण, परिच्छेद कोण वाचतं, हातच्याची वजाबाकी कुणाला जमत नाही. शेजारी हजेरीपट ठेवला की कारणं वेगळी पडू लागतात. 25 जुलै 2024 ला ताम्हिणीत चोवीस तासांत 556 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अशा आठवड्यातली गैरहजेरी आणि कातकरी वस्तीतली दिवाळीनंतरची गैरहजेरी रजिस्टरात सारखीच दिसते. पहिलीवर उपाय पावसाळ्यात वस्तीवर वर्ग भरवण्याचा, दुसरीवर मूल जाईल तिथल्या शाळेशी आधीच बोलून ठेवण्याचा. हे ठरवायला गटशिक्षणाधिकारी लागत नाहीत, मात्र केंद्रप्रमुख लागतो. राज्यात ही पदं मोठ्या संख्येनं रिकामी राहत आली. 2023 मध्ये 2,384 पदांसाठी विभागीय परीक्षा जाहीर करावी लागली, यावरून अंदाज यावा. एकाच माणसाकडं दोन-तीन केंद्रांचा कार्यभार असला की परिषदेत माहिती वाचली जात नाही, नुसती गोळा होते.

शिक्षक म्हणतात, आधीच लिंका भरता भरता तास जातो, त्यात ही आणखी एक यादी. तक्रार खरी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नं जनगणना, निवडणूक, आपत्ती मदत एवढीच शिक्षणेतर कामं मान्य केली, पण माहिती भरण्याचं काम शैक्षणिक म्हणवून त्यातून निसटतं. माझं म्हणणं नवी माहिती भरण्याचं नाहीच. भरलेली माहिती महिन्याच्या आत केंद्राकडं परत यावी, आणि जी परत येत नाही ती मागणं बंद करावं. दुसरा आक्षेप गुण फुगवण्याचा. गुणांवरून शाळांची क्रमवारी लावली आणि नोटिसा निघाल्या तर गुण फुगणारच. त्यात शिक्षकाच्या नीतीपेक्षा रचनेचा दोष जास्त. शेजारच्या शाळेतल्या शिक्षकानं येऊन पाच मुलांकडून वाचून घेतलं तर खरं-खोटं अर्ध्या तासात कळतं, पण त्या भेटीतून शिक्षा निघणार नाही याची खात्री आधी हवी.

तिसरी भीती अधिक खोल आहे, आणि तिला माझ्याकडं पुरतं उत्तर नाही. 2023 च्या सप्टेंबरात शिक्षण आयुक्तालयानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले, आणि नमुना म्हणून शेजारच्या, तेव्हाच्या वेल्हे तालुक्यातलं पानशेत दाखवलं. तेव्हापासून धरणामागच्या गावाला पटाचा आकडा म्हणजे शाळेच्या डोक्यावरची तलवार वाटते. तो लपवून चालणार नाही. त्याच्याशेजारी वाडीपासूनचं अंतर, पावसात बंद पडणारी वाट आणि मुलागणिक वाचनाची पातळी लिहिलेली असली तर निदान वाद एकाच आकड्यावर होणार नाही. त्यासाठी कलमही आहे. कायद्याच्या कलम 22 प्रमाणं शाळा विकास आराखडा शाळा व्यवस्थापन समितीनं करायचा असतो, आणि समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. त्यांच्यापुढं ‘भाषा 58 टक्के’ असा कागद ठेवला तर सही मिळेल, आणि सभा दहा मिनिटांत आटोपेल. तिसरीतली दोन मुलं अजून शब्दावर आहेत असं लिहिलेला कागद ठेवला, तर कुणीतरी आई विचारेल की त्या दोघांना कोण, आठवड्यातून किती वेळा, कुठं बसवून शिकवणार आहे.