मधुमेहीचं हृदय: बिघाड नेमका कुठे?

मधुमेहीच्या हृदयाला धोका फक्त ब्लॉकेजचा, अँजिओग्राफी स्वच्छ आली की काळजी मिटली, हा समज निम्माच खरा आहे. १९७२ साली रुबलर आणि सहकाऱ्यांनी चार मधुमेही रुग्णांची नोंद केली. त्यांचं हृदय निकामी झालं होतं, पण हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिन्यांत त्याला पुरेसा ठरेल असा अडथळा नव्हता. दोनच वर्षांनी अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम पाहणीत मधुमेही पुरुषांत हार्ट फेल्युअरचं प्रमाण दुपटीहून जास्त, तर स्त्रियांत जवळपास पाचपट दिसलं. वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हिशेबात घेऊनही फरक उरलाच. म्हणून मधुमेहीला चालताना धाप लागत असेल किंवा पायांवर सूज येत असेल, तर ब्लॉकेज नाही एवढ्यावर थांबू नये, इको करून घ्यावा.

हा बिघाड समजायला दुसरा समज सोडावा लागतो: हार्मोन ग्रंथीत तयार होतात आणि रक्तातून पोहोचतात. अँजिओटेन्सिन-२ या हार्मोनबद्दल पाठ्यपुस्तकं हेच सांगत आली. यकृतातलं प्रथिन, मूत्रपिंडाचं रेनिन, फुप्फुसांतलं एन्झाइम, आणि शेवटी रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाब वाढतो. पण अमेरिकेतल्या कुमार, बेकर आणि सहकाऱ्यांनी २००७ साली उंदरांच्या हृदयपेशी जास्त ग्लुकोजमध्ये वाढवल्या, तेव्हा हे रसायन पेशीच्या आतच तयार झालं, आणि तेही त्या नेहमीच्या एन्झाइमऐवजी कायमेज नावाच्या दुसऱ्याच एन्झाइमच्या मदतीनं. पुढच्या वर्षी मधुमेही उंदरांत या आतल्या साठ्याची सांगड पेशींच्या मृत्यूशी आणि स्नायूत वाढणाऱ्या तंतूंशी लागली. रक्ताच्या तपासणीत हा साठा दिसणार नाही, ही मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते.

यावर आक्षेप रास्त आहे: उंदीर म्हणजे माणूस नव्हे. त्या उंदरांत रेनिन रोखणाऱ्या अलिस्किरेननं आतला साठा वाढू दिला नाही, अँजिओटेन्सिन-२ ला अटकाव करणाऱ्या प्रचलित औषधांना ते जमलं नाही. तरीही मधुमेहींवरची अल्टिट्यूड चाचणी, ज्यात हेच औषध प्रचलित औषधांच्या जोडीला दिलं होतं, फायदा न दिसल्यानं आणि पोटॅशियम वाढण्यासारख्या त्रासांमुळे आधीच थांबवावी लागली. तेव्हा पेशीतली यंत्रणा रोगाचा एक धागा आहे, संपूर्ण उलगडा नाही. आणि प्रचलित गोळ्या निरुपयोगी, असा अर्थ तर मुळीच काढू नये. २००० सालच्या होप चाचणीत रामिप्रिल या अशाच एका प्रचलित गोळीमुळे मधुमेहींमधले हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकारानं होणारे मृत्यू मिळून सुमारे पाव हिश्शानं घटले, आणि रक्तदाबातली किरकोळ घट त्याचं पुरेसं कारण नव्हती.