मंगळवेढ्याचे शिवार

मंगळवेढ्याचे शिवार : रब्बी ज्वारीसाठी प्रसिद्ध असलेले महाराष्ट्रातील एक ऐतिहासिक कोरडवाहू शेतीक्षेत्र. सोलापूर शहराच्या नैर्ऋत्येस सु. ५५ किमी. व पंढरपूरच्या आग्नेयेस सु. २५ किमी. अंतरावर असलेल्या मंगळवेढे या तालुक्याच्या ठिकाणाभोवती ते पसरले आहे. ‘ज्वारीचे कोठार’ ही त्याची जुनी ओळख असून येथील मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तथापि या शिवाराचे महत्त्व केवळ एका पिकापुरते मर्यादित नाही. पावसाचा भरवसा नसलेल्या प्रदेशात ओल जमिनीत, धान्य पेवात व निर्वाहाची हमी गावातील परस्परसंबंधांत साठवून ठेवण्याची एक पद्धती येथे शतकानुशतके रुजली. आज तीच या शिवाराचा वारसा मानली जाते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : कल्याणीची सत्ता हाती येण्यापूर्वी बाराव्या शतकात कलचुरी घराण्याचे मंगळवेढे हे राजधानीचे ठिकाण होते. पुढे ते बहमनी सत्तेखाली आले. ब्रिटिश अमदानीत ते सांगली संस्थानात मोडत असे. १९४८ मध्ये संस्थानाच्या विलीनीकरणानंतर त्याचा सोलापूर जिल्ह्यात समावेश झाला. बहमनी काळातील येथील अधिकारी दामाजीपंत यांनी पंधराव्या शतकातील दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे उपाशी लोकांसाठी खुली केली, अशी परंपरा आहे. विठू महाराच्या रूपाने विठ्ठलानेच बीदरच्या दरबारी त्या धान्याची किंमत भरली, अशी कथा सांगितली जाते. कथेतील चमत्कार बाजूला ठेवला, तरी साठवलेल्या धान्यावर पहिला हक्क कोणाचा, हा या प्रदेशातील जुना प्रश्न तिच्यातून स्पष्ट होतो. संत चोखामेळा यांचा मृत्यू १३३८ मध्ये मंगळवेढ्यातच तटाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळून झाला, असे मानतात. संत कान्होपात्रा याच गावच्या.

जमीन व हवामान : भीमा नदीच्या खोऱ्यातील या भागात खोल काळी जमीन आढळते. तिच्यातील चिकणमाती पाण्याने फुगते आणि वाळल्यावर तिला रुंद भेगा पडतात. येथील पर्जन्यमान साधारणतः ५०० ते ६०० मिमी. असून ते अतिशय अनियमित आहे. त्यातील मोठा हिस्सा सप्टेंबरच्या सुमारास पडतो. अशा जमिनीच्या मीटरभर खोल थरात सु. २०० मिमी. पावसाइतके पाणी पिकाला उपलब्ध होईल अशा स्वरूपात साठून राहू शकते. त्यामुळे पावसाळ्यात रान मोकळे ठेवून, कुळवाच्या पाळ्या देऊन ओल मुरवायची आणि पाऊस सरताना पेरणी करायची, अशी रीत येथे पडली. पेरणीनंतर पावसाचा थेंब पडला नाही, तरी मुरलेल्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर पीक हाती येऊ शकते.

लागवड : उत्तरा व हस्त नक्षत्रांच्या सुमारास, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पाभरीने पेरणी करतात. ओळींत अंतर अधिक ठेवतात. कारण दाट पेरलेले पीक साठलेली ओल कणीस भरण्यापूर्वीच संपवून टाकते. त्यानंतर दोन-तीन कोळपण्या दिल्या जातात. कोळप्याने तण निघते, भेगा बुजतात आणि वरचा भुसभुशीत थर आच्छादनाचे काम करून बाष्पीभवन रोखतो. शेतकऱ्यांच्या या परंपरागत अनुभवाला पुढे शास्त्रीय संशोधनाची जोड मिळाली. १९३३ मध्ये सोलापूर येथे कोरडवाहू शेती संशोधन केंद्र स्थापन झाले. मोहोळ येथील संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवड पद्धतीने ‘मालदांडी ३५-१’ हा वाण १९३० नंतरच्या दशकात तयार करण्यात आला. मोत्यासारखा शुभ्र टपोरा दाणा, गोडसर भाकरी व जनावरांना रुचणारा कडबा या गुणांमुळे त्याला आजही मागणी आहे. सु. चार महिन्यांत तो काढणीस येतो.

समाजजीवन : ज्वारीचे पीक एकट्या कुटुंबाच्या बळावर घरी येत नसे. काढणी, पेंढ्या बांधणे, बुचाड रचणे व कणसे खुडणे ही कामे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सावडीने किंवा धान्यरूप मजुरीवर होत. खळ्यात तिवड्याभोवती बैलांची पात धरून मळणी चाले. वावडीवर उभे राहून वाऱ्यावर धान्य उफणले जाई. राशीची पूजा झाल्यावर सुतार, लोहार, कुंभार, चांभार, महार आदी बलुतेदारांना खळ्यावरच त्यांचा वाटा मिळे. दुष्काळी प्रदेशात ही व्यवस्था अनेकांच्या निर्वाहाचा आधार होती. परंतु ती समतेवर उभी नव्हती. वाटा कोणाला, किती आणि कोणत्या वागणुकीने मिळावा, हे जात ठरवीत असे. १९५८ च्या मुंबई राज्यातील कायद्याने महार वतनासह गावकामगारांची कनिष्ठ वतने रद्द झाली. यंत्राने मळणी व रोख मजुरी आल्यानंतर उरलीसुरली बलुतेपद्धतीही मागे पडली.

धान्य साठविण्यासाठी जमिनीत पेव खणले जाई. त्याच्या तळाशी व कडेने कडबा किंवा भुसा लावून ज्वारी भरत आणि तोंड मातीने लिंपून घेत. अशी ज्वारी काही वर्षे टिके. पेव उघडल्यावर आतील दूषित हवा निघून जाईपर्यंत कोणीही खाली उतरत नसे. ही खबरदारी न घेतल्यास जीव जाण्याचा धोका असे. रोजच्या वापरासाठी घरात कणगी व भिंतीतील बळद असे.

दाणे दुधाळ अवस्था ओलांडून भरू लागले, की हुरड्याचा हंगाम येतो. शेतातच आगटी पेटवून गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कणसे भाजतात व हातावर चोळून निघालेले गरम दाणे शेंगदाण्याच्या चटणीबरोबर किंवा गुळाबरोबर खातात. सोलापूर जिल्ह्याच्या कर्नाटकाला लागून असलेल्या भागात मार्गशीर्ष अमावास्येला ‘वेळ अमावास्या’ साजरी होते. त्या दिवशी शेतात कडब्याची कोप उभारून पाच पांडव म्हणून मांडलेल्या दगडांची पूजा करतात आणि आप्तेष्टांसह भज्जी, उंडे व आंबील यांचे जेवण होते.

स्थित्यंतर : १९७२ च्या दुष्काळात राज्यातील ज्वारी पिकविणाऱ्या गावांनाही परदेशातून आलेली तांबडी मिलो खावी लागली. पेवे तोपर्यंत मागे पडू लागली होती. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाल्यानंतर पाणी पोहोचलेल्या भागांत उसाचे क्षेत्र वाढले. कोठारे खुली करणाऱ्या दामाजीपंतांचे नाव आज मंगळवेढ्याच्या सहकारी साखर कारखान्याला आहे. याउलट तालुक्याच्या दक्षिणेकडील गावे पाण्याची मागणी दीर्घकाळ करीत आली. स्वस्त धान्य दुकानांतून मिळणाऱ्या गहू-तांदळामुळे आहारातील ज्वारीचे प्रमाण घटले. काढणीस मजूर मिळणे कठीण झाले आणि बैलांची संख्या कमी झाल्याने कडब्याचे मोलही पूर्वीसारखे राहिले नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळल्यामुळे ज्वारीकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. भौगोलिक मानांकनामुळे मंगळवेढ्याच्या नावाला कायदेशीर संरक्षण लाभले. मानांकनाने नाव राखले जाते. मात्र ज्वारीची शेती टिकणे हे ती पेरणाऱ्याला मिळणाऱ्या भावावर अवलंबून आहे. पाण्याची टंचाई असलेल्या प्रदेशात साठलेल्या ओलीवर धान्य व चारा दोन्ही देणारे हे पीक मागे पडल्यास एका चवीबरोबरच अवर्षणाला तोंड देण्याचे पिढ्यांचे ज्ञानही लोप पावण्याचा संभव आहे.