‘नैराश्य’ या शब्दाची अडचण

आजचा विषय नैराश्य आणि ख्रिस्ती विश्वास. सुरुवात एका शब्दापासून करतो. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाची ही खोड जात नाही.

डॉक्टर ज्याला डिप्रेशन म्हणतात त्याला आपण मराठीत नैराश्य म्हणतो. म्हणजे आशा नसणं. आता पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, १३व्या अध्यायात, टिकणाऱ्या तीन गोष्टी आहेत : विश्वास, आशा, प्रीती. संडे स्कूलमध्ये हे पाठ केलेल्या माणसाला डॉक्टर सांगतात, ‘तुम्हाला नैराश्य आहे.’ त्याला ऐकू काय येतं? तिनातली एक गेली! निदान सांगितलं जातं, आणि त्याला ते आरोपपत्र वाटतं. मग तो गोळ्या लपवून घेतो, किंवा घेतच नाही, आणि रविवारी मंडळीत ‘प्रभूची कृपा, बरं आहे’ म्हणतो.

किर्केगार्दने १८४९ साली निराशेवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्याच्या मते माणूस निराशेत असूनही त्याला त्याचा पत्ता नसेल. हसतखेळत, धंदापाणी करत असेल. कारण ती निराशा म्हणजे मनाची उदासी नव्हे, देवाशी आणि स्वतःशी बिघडलेलं नातं. मग उलटही खरं मानायला हवं. ज्याची झोप उडाली, भूक मेली, कशातच मन लागत नाही, तो त्या अर्थाने निराश असेलच असं नाही.

‘मधुमेहाला गोळी चालते, मग याला का नाही?’ असं आपण म्हणतो. उपमा सोयीची आहे, पण मला अपुरी वाटते. साखर वाढली म्हणून देवाने आपल्याला टाकलं असं कुणाला वाटत नाही. हा आजार मात्र विश्वासाचीच भाषा घेऊन बोलतो. इंग्रज कवी विल्यम कूपर (१७३१–१८००) याने जॉन न्यूटनबरोबर गीतसंग्रह केला, ती गीतं आजही चर्चमध्ये गातात. पण १७७३च्या आजारात त्याची खात्री झाली, की देवाने आपल्याला कायमचं नाकारलं. न्यूटनने त्याला वर्षभराहून अधिक काळ स्वतःच्या घरी ठेवून घेतलं.

१ राजे १९मध्ये एलीया मरण मागतो. एलीयाला डिप्रेशन होतं असं मी म्हणणार नाही, इतक्या जुन्या माणसाचं निदान करणारे आपण कोण? पण क्रम बघा. देवदूत त्याला रागावत नाही. झोप, भाकर, पाणी. पुन्हा झोप, पुन्हा भाकर. देवाशी बोलणं पुढे, होरेब डोंगरावर.

आपल्या यवतमाळात १९५३ ते १९८३ युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, देशभरचे पाळक इथे घडले. याच जिल्ह्यात शेतकरी आत्महत्यांमुळे सरकारला प्रेरणा प्रकल्प आणावा लागला, आणि गावची ‘आशा’ताई दारात येऊन मनाची विचारपूस करू लागली. (नाव बघा!) तिला खरं सांगा. गोळ्यांचा गुण यायला दोनचार आठवडे लागतात, मनाने बंद करू नका. मरणाचे विचार येत असतील तर टेलिमानस, १४४१६, रात्रीबेरात्रीही फोन लागतो.

‘सर, प्रार्थनाच होत नाही, काय करू?’ असं विचारतात. स्तोत्र ८८ वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी कुठलीही स्तुती नाही, तरी पवित्र शास्त्रात आहे. तेही वाचवत नसेल तर घरातल्या कुणाला तरी वाचायला सांगा, तुम्ही नुसते पडून ऐका.