गायकाची पेढी : ‘ललितकलादर्श’चे मालक केशवराव भोसले

रत्नागिरीच्या बाजारपेठेत दिवसभराचा रोजमेळ आटोपून घरी परतणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या कानांवर हल्ली एक अनोळखी भाषा पडू लागली आहे. नातवंडांच्या मोबाइलवर कोरियन गाणी वाजत असतात, आणि ज्यांनी दक्षिण कोरिया नकाशावरही फारसा न्याहाळलेला नाही, ती मुले त्या गाण्यांचे शब्द बिनचूक म्हणत असतात. घरातील मोठ्यांना त्या गाण्यांचा अर्थ लागत नाही; परंतु त्या गाण्यांमागे उभा असलेला व्यवसाय मात्र त्यांना चटकन उमगेल. त्यातील अनेक मोठ्या कंपन्या एकेकाळच्या गायकांनी स्थापन केलेल्या आहेत.

त्यांत अग्रभागी नाव येते ते ली सू-मान यांचे. १९७०च्या दशकात हे गृहस्थ कोरियात लोकप्रिय गायक होते. पुढे उच्च शिक्षणासाठी ते अमेरिकेत गेले, तेथील दूरचित्रवाणीवरील संगीताचा नवा थाट त्यांनी पाहिला आणि मायदेशी परतल्यावर १९८९ साली स्वतःचा स्टुडिओ उभारला. १९९५ मध्ये त्याची ‘एस. एम. एंटरटेनमेंट’ ही कंपनी झाली. कोवळ्या वयाची मुले निवडायची, त्यांना वर्षानुवर्षे गायन, नृत्य आणि परभाषा शिकवायच्या, आणि पूर्ण तयारी झाल्यावरच रंगमंचावर आणायचे, ही त्यांची पद्धत. बोआ नावाची गायिका २००० साली तेराव्या वर्षी याच कंपनीतून लोकांसमोर आली, आणि २०१४ मध्ये कंपनीने तिला संचालकपदी नेमले.

व्यापारी घराण्यातील वाचकाला येथे एक प्रश्न सहज पडेल. गाणारा मनुष्य मालक झाला, तर पेढीचे काय होते? कलेचा धर्म मुक्तहस्ते देण्याचा, आणि वहीचा धर्म पै-पैचा हिशेब ठेवण्याचा. हे दोन्ही धर्म एका माणसाला पाळता येतात काय?

उत्तरासाठी कोरियापर्यंत जाण्याचे कारण नाही. शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी आपल्या मराठी रंगभूमीने हा प्रयोग करून पाहिलेला आहे.

दिनांक १ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे ‘ललितकलादर्श’ नावाची नाटक मंडळी स्थापन झाली. तिचे मालक केशवराव भोसले यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झालेला. म्हणजे स्थापनेच्या दिवशी त्यांना अठरावे वर्षही पुरे झालेले नव्हते. कायद्याच्या भाषेत ज्याला अज्ञान म्हणावे, असा हा मालक. त्याच्यापाशी वडिलोपार्जित पेढी नव्हती आणि साठवलेले भांडवलही नव्हते. जी काही पत होती ती गळ्याची.

तो गळा तयार झाला होता ‘स्वदेशहितचिंतक’ नाटक मंडळीत. अगदी लहान वयात केशवराव तेथे दाखल झाले. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदा’ नाटकात, म्हाताऱ्या वराच्या गळ्यात बांधली जाऊ पाहणाऱ्या मुलीची भूमिका त्यांनी इतक्या लहानपणी केली आणि इतकी गाजवली, की बालनट म्हणून त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले. कोरियन कंपन्या आज जी शिक्षणाची पद्धत अवलंबितात, तीच त्या काळी आपल्या नाटक मंडळ्यांत होती. मुले मंडळीच्या बिऱ्हाडातच राहत, तेथेच जेवत, पहाटे गळा फिरवीत आणि रात्री मशालींच्या किंवा दिव्यांच्या उजेडात उभी राहत. त्या व्यवस्थेत शिस्त होती, कष्ट होते आणि अनेकांचे बालपणही खर्ची पडत होते. बहुतेक मुलांचा आवाज फुटला, की त्यांचे दिवस संपत. केशवराव मात्र त्या वयात दुसऱ्याच्या मंडळीतून बाहेर पडून स्वतःच्या मंडळीचे धनी झाले.

नाटक मंडळीचे धनी होणे म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला सांगावे लागेल. नट, गवई, साथीदार, पडदे ओढणारे, कपडेपटाचे लोक, आचारी अशा मोठ्या कुटुंबाचा योगक्षेम एकट्या मालकाच्या माथी असे. एका गावचा मुक्काम संपला की सामानाच्या पेट्या, पडदे आणि वाद्ये बैलगाडीने स्टेशनपर्यंत न्यायची आणि पुढल्या गावी पोहोचवायची. कोकणात तर तेव्हा रेल्वेही नव्हती. मुंबईहून रत्नागिरीकडे यायचे झाल्यास आगबोटीचाच भरवसा. नाट्यगृहाचे भाडे आणि जाहिरातीचा खर्च आधी करावा लागे, उत्पन्न मात्र खेळाच्या रात्री तिकिटे खपली तर. पावसाने झोडपले, गावात साथ आली, मुख्य नटाचा घसा बसला, की गल्ला रिकामा. परंतु मंडळीच्या पंगती मात्र दोन्ही वेळा उठायच्याच. माल नाशवंत आणि खर्च कायमचा, असा हा धंदा होता.

अशा धंद्यात सुरक्षित वाट एकच असते : जे चालते आहे तेच चालवावे. ‘सौभद्र’, ‘मृच्छकटिक’, ‘शारदा’ ही नाटके प्रेक्षकांना पाठ होती, आणि केशवरावांच्या नावावर ती कुठेही भरली असती. त्यांनी ती केलीच. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. मालक म्हणून त्यांची योग्यता दिसते ती येथे.

१९१२ साली ‘ललितकलादर्श’ने ‘संगीत दामिनी’ रंगभूमीवर आणले. त्याच्या लेखिका हिराबाई पेडणेकर. एका स्त्रीने लिहिलेले नाटक व्यावसायिक मंडळीने करावे, हीच त्या काळी अपूर्व गोष्ट होती. शिवाय हिराबाई गाणे-बजावणे करणाऱ्या घराण्यातल्या, म्हणजे प्रतिष्ठित समाजाने दुरून पाहावे अशा. त्यांच्या शब्दांवर बावीस वर्षांच्या मालकाने आपले पैसे लावले. याच हिराबाईंच्या आयुष्याची उत्तर वर्षे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागरजवळच्या पालशेत गावी गेली आणि १९५१ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. पालशेतच्या वाटेने जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

रत्नागिरीचा दुसरा धागा मामा वरेरकरांचा. भार्गवराम विठ्ठल वरेरकर यांचा जन्म १८८३ मध्ये चिपळूण येथे झाला. टपाल खात्यात नोकरी करता करता ते नाटके लिहीत. हुंड्याच्या बाजारावर प्रहार करणारे त्यांचे ‘हाच मुलाचा बाप’ हे नाटक केशवरावांनी हाती घेतले. ज्या प्रेक्षकांच्या खिशातून तिकिटाचे पैसे यायचे, त्यांतीलच अनेक जण घरी मुलाच्या लग्नाची बोलणी करताना देण्याघेण्याची यादी पुढे करीत असत. गिऱ्हाइकाला त्याचेच व्यंग दाखवणारा माल दुकानात मांडण्यास किती व्यापारी धजतील? केशवराव धजले, आणि नाटक चालले. देण्याघेण्याची ती यादी आपल्या घरांतून आजही पुरती हद्दपार झाली आहे, असे छातीवर हात ठेवून किती जणांना म्हणता येईल, हा विचार वाचकांनी स्वतःशीच करावा.

माणसे निवडण्यातही त्यांची दृष्टी अशीच होती. स्वतः नामवंत गायक असताना त्यांनी रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या कसलेल्या गवयाला मंडळीत आणले आणि त्यांच्यापुढे शिष्य म्हणून बसले. सावंतवाडीच्या मुलखातून निघून ग्वाल्हेरपर्यंत विद्येसाठी वणवण केलेल्या वझेबुवांनी नाट्यपदांना नव्या चाली दिल्या. चित्रकार पु. श्री. काळे यांच्या कुंचल्याने ‘ललितकलादर्श’च्या रंगमंचावर खऱ्या घरांचा आणि वाड्यांचा भास निर्माण केला. उत्तम माणूस महाग पडतो आणि सामान्य माणूस त्याहूनही महाग पडतो, हे बाजारात मुरलेल्या मनुष्याला वेगळे सांगावे लागत नाही. केशवरावांना ते विशीतच कळले होते.

त्यांच्या तोडीस तोड प्रतिस्पर्धी होते नारायणराव राजहंस, अर्थात बालगंधर्व. १९१३ साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्या भागीदारीत त्यांनी ‘गंधर्व नाटक मंडळी’ काढली. भागीदार एकेक करून दूर झाले, आणि १९२१ मध्ये मंडळी एकट्या बालगंधर्वांच्या मालकीची झाली, ती डोक्यावरच्या प्रचंड कर्जासह. रंगमंचावर खरे गालिचे हवेत, खरी अत्तरे हवीत, प्रेक्षकाला अस्सल तेच द्यायचे, हा त्यांचा बाणा. जमा-खर्चाकडे मात्र लक्ष कमी. परंतु देणेकऱ्यांपुढे हात वर करण्याची वाट त्यांनी धरली नाही. वर्षानुवर्षे खेळ करून, गाऊन, त्यांनी ते कर्ज फेडले. पतीचे मोल जाणणाऱ्या वाचकांनी त्या कलावंताला या एका गोष्टीसाठीही वंदन करावे. तरीही ‘गंधर्व’ मंडळीचे सारे तेज एका व्यक्तीत साठलेले होते. त्या व्यक्तीचे दिवस पालटले, तसे मंडळीचेही पालटले.

हे दोन प्रतिस्पर्धी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत एकाच रंगमंचावर आले. टिळक स्वराज्य फंडासाठी दोन्ही मंडळ्यांनी मिळून ‘मानापमान’चा प्रयोग केला, केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. ‘संयुक्त मानापमान’ म्हणून तो आजही स्मरला जातो. समोरासमोर दुकान थाटलेल्या दोन धन्यांनी एका सार्वजनिक कार्यासाठी एका गादीवर बसावे, असाच तो प्रसंग होता.

त्यानंतर तीन महिनेही लोटले नाहीत. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी विषमज्वराने केशवरावांचे निधन झाले. वय अवघे एकतीस.

ज्या मंडळीचा मालकही तेच आणि मुख्य गायकही तेच, तिचे दार त्या दिवशी कायमचे लागायला हरकत नव्हती. ते लागले नाही. मंडळीतीलच सहकारी बापूराव पेंढारकर यांनी धुरा खांद्यावर घेतली. ते केशवरावांचे रक्ताचे नातलग नव्हते; त्यांच्या हाताखाली तयार झालेले होते. १९२२ मध्ये त्यांनी वरेरकरांचेच ‘सत्तेचे गुलाम’ रंगभूमीवर आणले. माणूस गेला, पण नवे नाटक करण्याची मंडळीची सवय टिकून राहिली. १९३७ मध्ये बापूरावही गेले. त्यानंतर काही वर्षांनी त्यांचे पुत्र भालचंद्र यांनी ‘ललितकलादर्श’ पुन्हा उभी केली. केशवरावांच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांच्या आत जन्मलेल्या या गायक-नटाने ‘दुरितांचे तिमिर जावो’, ‘पंडितराज जगन्नाथ’, ‘जय जय गौरीशंकर’ यांसारखी नाटके दिली आणि २००८ मध्ये मंडळीची शताब्दीही पाहिली. २०१५ साली त्र्याण्णवाव्या वर्षी ते निवर्तले.

आता कोरियातील पेढीकडे पुन्हा वळू. ली सू-मान यांच्या खासगी कंपनीला एस. एम.च्या उत्पन्नातून वर्षानुवर्षे मोबदला जात असे. भागधारकांनी त्यास आक्षेप घेतला आणि २०२२च्या अखेरीस तो करार संपुष्टात आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये लींनी आपला मोठा हिस्सा ‘हायब’ या प्रतिस्पर्धी कंपनीला विकला. त्यांच्याच हाताखाली वाढलेले व्यवस्थापन त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. त्यांत त्यांच्या पत्नीचा भाचाही होता. अखेर मार्चमध्ये ‘काकाओ’ या तिसऱ्याच कंपनीने सुमारे ४० टक्के भाग घेऊन ताबा मिळवला. कोट्यवधींची उलाढाल, जगभर कीर्ती, आणि तरी संस्थापक स्वतःच्या नावाच्या आद्याक्षरांच्या पाटीखालून बाहेर पडला.

दोन काळांची आणि दोन देशांची तुलना फार ताणू नये. ‘ललितकलादर्श’ला भागधारक नव्हते आणि शेअर बाजारही नव्हता. तरीही सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर या हकिगतीत सापडते. गाणारा माणूस चांगला धनी होऊ शकतो. मात्र त्याने आपल्या गळ्याखेरीज आणखी काही उभे केले पाहिजे. केशवरावांनी लेखक उभे केले, गुरू आणले, चित्रकार आणले, आणि नकळत आपला वारसही घडवला. त्यांना अवघी तेरा वर्षे मिळाली, आणि मंडळी शंभर वर्षांपलीकडे गेली.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेल्या पॅलेस थिएटरला पुढे केशवरावांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. कोल्हापूरकरांच्या डोळ्यांत त्या रात्री पाणी आले आणि दुसऱ्याच दिवसापासून ते पुन्हा जसेच्या तसे बांधण्याची मागणी सुरू झाली. ज्यांनी केशवरावांना कधी पाहिले नाही, ज्यांच्या आजोबांनीही कदाचित पाहिले नसेल, अशी माणसे त्यांत होती.

घरातील मुले कोरियन गाणी ऐकत असतील, तर ऐकू द्यावीत. त्या गाण्यांमागचा व्यवहार त्यांना समजावून सांगावा, आणि त्याच बैठकीत हुबळीच्या त्या सतरा वर्षांच्या धन्याची गोष्टही सांगावी. पेढीची पाटी पुढल्या पिढीच्या हाती देण्याची वेळ ज्या घरांत जवळ आली आहे, तेथे ती गोष्ट मोठ्यांनीही लक्ष देऊन ऐकावी.